कलेचा खर्च कोणी सोसावा?



आपल्या भाषेत राजाश्रय आणि लोकाश्रय असे दोन शब्द आहेत. कलेची गोष्ट निघाली की ते जोडीने येतात. राजे गेले, आता लोक उरले. लोकांनी तिकिटे काढली तर नाटक चालेल, न काढली तर पडदा पडेल, असे आपण पुष्कळदा धरून चालतो. युरोपातील गेल्या सव्वाशे वर्षांचा जमाखर्च पाहिला म्हणजे गोष्ट इतकी सरळ नाही असे दिसते. तिथेही राजे गेले. पण नाटकशाळा, वाद्यवृंद, संग्रहालये नुसत्या तिकिटाच्या भरवशावर सोडली गेली नाहीत. पैसा सरकारी तिजोरीतून आला, नगरपालिकांच्या करांतून आला, कामगारांच्या वर्गणीतून आला, लॉटरीतूनही आला. या वाटा कशा पडल्या आणि पैशाच्या पाठोपाठ हुकूम येतो की काय, हे आज पाहायचे आहे. कलेचे रसग्रहण जाणकारांनी करावे. माझा धंदा कामगार संघटनेचा. मी वर्गणी, मजुरी आणि निर्णयाचा अधिकार एवढ्यांपुरतेच बोलणार आहे.

प्रथम हा प्रश्न की, तिकिटांवर भागत का नाही? याचे उत्तर बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एका ग्रंथात दिले, आणि गिरणगावातल्या माणसाला ते चटकन कळेल. गिरणीत एक विणकर पूर्वी दोन माग चालवी, पुढे चार चालवू लागला, स्वयंचलित माग आल्यावर त्याहून कितीतरी अधिक. दर माणशी कापड वाढले. पण चार वाद्यांसाठी लिहिलेली बीथोव्हेनची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. तिथे ‘उत्पादन वाढवा’ म्हणण्यात अर्थ नाही. बाहेर सर्वत्र मजुरी वाढत असता वादकाची मजुरी जुनीच ठेवली तर तो वाद्य खाली ठेवून दुसरे काम पाहील. वाढवली तर तिकीट महागेल किंवा तूट येईल. म्हणजे ही तूट दर वेळी गैरकारभाराची खूण नसते. ती त्या कामाच्या स्वभावातच आहे. एवढे ध्यानात घेतले की पुढचा वाद सोपा होतो. तूट कोणी तरी भरायची आहे. प्रश्न आहे तो कोणी आणि कोणत्या अटीवर.

जर्मनीपासून सुरुवात करू, कारण तिथे कामगारांनी स्वतः या प्रश्नाला हात घातला. १८९० साली बर्लिनमध्ये ‘फ्राय फोक्सब्यूने’, म्हणजे स्वतंत्र लोकरंगभूमी, नावाची संस्था निघाली. सभासदांनी ठराविक वर्गणी द्यायची आणि रविवारी दुपारी, म्हणजे कामगाराच्या सुट्टीच्या वेळी, नाटक पाहायचे. सगळ्यांची वर्गणी सारखी. पुढची खुर्ची कोणाला आणि मागची कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरे. खेळ सभासदांपुरता खासगी असल्यामुळे पोलिसी सेन्सॉरलाही बगल देता येई. अशा चिल्लर वर्गण्यांच्या पायावर, आणि शहराच्या कर्जाची जोड घेऊन, १९१४ च्या अखेरीस बर्लिनमध्ये या चळवळीची स्वतःची भव्य इमारत उभी राहिली. महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली, १९५४ साली पुन्हा उघडली आणि आजही चालू आहे. मात्र आता तिचा खर्च बर्लिन राज्य करते.

मधल्या काळात जे घडले तेही विसरता येत नाही. १९३३ साली नाझींनी सर्व कलावंतांसाठी एकच सरकारी मंडळ स्थापले. त्याचे सभासद असल्याशिवाय कोणाला नाटकात काम करता येईना, चित्र विकता येईना. ज्यूंना तर दारच बंद झाले. सरकारी पैसा तेव्हाही वाहत होता, उलट सढळ हाताने वाहत होता. पण त्याच्या टोकाला साखळी होती. या अनुभवाने शहाणे होऊन १९४९ च्या पश्चिम जर्मन राज्यघटनेत कला स्वतंत्र आहे असे कलम आले, आणि संस्कृतीचा कारभार मध्यवर्ती सरकारच्या हाती न देता राज्ये आणि शहरे यांच्याकडे ठेवला गेला. मध्यवर्ती सरकारात या खात्याची जबाबदारी पाहणारा माणूस नेमला गेला तो थेट १९९८ साली. आज जर्मनीत सुमारे १४० सार्वजनिक नाटकसंस्था आणि सव्वाशेहून अधिक व्यावसायिक वाद्यवृंद आहेत. त्यांचा बहुतेक भार शहरे आणि राज्ये उचलतात. यांतल्या कित्येक संस्था मुळात लहानमोठ्या संस्थानिकांच्या दरबारी होत्या. राजा गेला तेव्हा नगराने त्याची जागा घेतली, एवढाच फरक.

याच देशातली एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४६-४७ चा हिवाळा फार कडक होता आणि हॅम्बुर्गच्या नाटकशाळांत कोळसा नव्हता. तिथली माणसे मोटारट्रक घेऊन रूर खोऱ्यात गेली. रेकलिंगहाउझेन गावाजवळच्या एका खाणीतल्या कामगारांनी दोस्तांच्या लष्करी अंमलाची बंदी असताही त्यांचे ट्रक कोळशाने भरून दिले. १९४७ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गचे नट आणि गायक त्या खाणकामगारांपुढे खेळ करायला आले: कोळशाच्या बदल्यात कला. त्यातून तिथला वार्षिक नाट्यमहोत्सव जन्मला. नगरपालिका आणि जर्मन कामगार संघटनांचा महासंघ हे त्याचे भागीदार झाले, आणि महोत्सवाची सुरुवात मे दिनाला करण्याची प्रथा पडली. हा व्यवहार उपकाराचा नव्हता. एका श्रमाची दुसऱ्या श्रमाशी बरोबरीने झालेली ती देवघेव होती.

आता इंग्लंडकडे वळू. तिथल्या सरकारने कलेच्या भानगडीत पडायचे नाही असा जुना रिवाज होता. तो युद्धाने मोडला. १९४० च्या जानेवारीत एका धर्मादाय निधीच्या पंचवीस हजार पौंडांवर संगीत व कला यांना उत्तेजन देणारी एक समिती निघाली आणि लवकरच सरकारने तिला आपली जोड दिली. गायकवादक कारखान्यांच्या उपाहारगृहांत गेले. सिबिल थॉर्नडाइक यांच्यासारखी थोर नटी वेल्सच्या खाणवस्त्यांत शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ घेऊन हिंडली. १९४२ पासून अर्थशास्त्रज्ञ केन्स या समितीचे अध्यक्ष होते. युद्ध संपल्यावर तिचीच ‘आर्ट्‌स कौन्सिल’ झाली आणि १९४६ साली तिला राजसनद मिळाली. पण केन्स त्याआधी काही महिनेच वारले होते.

या कौन्सिलची घडण समजून घेण्याजोगी आहे. पार्लमेंटने एकरकमी पैसा मंजूर करायचा. तो कोणत्या नाटकमंडळीला किती द्यायचा हे मंत्र्याने नव्हे तर कौन्सिलने ठरवायचे. सरकार आणि कलावंत यांच्यामध्ये हातभर अंतर ठेवायचे, ही त्यातली कल्पना. कल्पना चांगली आहे, पण तिच्यातही फट आहे. मंत्री दूर राहिला तरी कौन्सिलवर बसणारी माणसे कोणत्या थरातली, हे कोण पाहणार? १९५६ साली कौन्सिलने आपल्या प्रादेशिक कचेऱ्या बंद केल्या, आणि पैशाचा ओघ लंडनकडे वळल्याची तक्रार तेव्हापासून आजतागायत चालू आहे. १९६४ साली मजूर पक्षाचे सरकार आल्यावर खाणकामगाराची मुलगी जेनी ली या कलाखात्याच्या पहिल्या मंत्री झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाविषयक धोरणाची पहिली श्वेतपत्रिका काढली आणि लंडनबाहेरच्या गावांकडे पैसा वळवला.

आमच्या जमातीने याच देशात काय केले, तेही सांगितले पाहिजे. १९६० साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने आपल्या विषयपत्रिकेवरचा ४२ क्रमांकाचा ठराव मंजूर केला: कामगार चळवळीने कलेकडे लक्ष द्यावे. नाटककार आर्नल्ड वेस्कर यांनी त्यावरून ‘सेंटर ४२’ ही संस्था काढली, १९६२ साली सहा गावांत महोत्सव केले आणि पुढे लंडनमधली रेल्वे इंजिनांची एक जुनी गोल शेड मिळवली. युनियनांनी टाळ्या दिल्या, शुभेच्छा दिल्या. पैसा मात्र जवळजवळ दिला नाही. १९७० साली संस्था गुंडाळावी लागली. ठराव पास करणे सोपे आणि त्यासाठी वर्गणी गोळा करणे कठीण, हे युनियनच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. १९९४ पासून तिथे राष्ट्रीय लॉटरीचा पैसाही कलेकडे येतो. त्यातून इमारती उभ्या राहिल्या, पण एक प्रश्न उरतोच: गरिबाने नशीब अजमावायला काढलेल्या तिकिटातून ऑपेराची खुर्ची मऊ करायची काय?

फ्रान्समध्ये परंपरा वेगळी. तिथे राजाच्या काळापासून राज्यसत्ताच कलेची यजमान. १९५९ साली संस्कृतीचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि कादंबरीकार आंद्रे मालरो त्याचे मंत्री. गावोगाव संस्कृतिगृहे बांधायची, खर्च निम्मा सरकारचा आणि निम्मा नगरपालिकेचा, अशी त्यांची योजना. पहिले गृह १९६१ साली ल आव्र बंदरात उघडले. त्याआधीच झां विलार या दिग्दर्शकाने १९५१ पासून पॅरिसच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहात निराळा मार्ग काढला होता. कामगाराला रात्री शेवटची गाडी गाठायची असते म्हणून खेळ लवकर सुरू करायचा, तिथेच स्वस्त जेवण द्यायचे, दारावरची बक्षिशी बंद करायची, आणि कारखान्यांतल्या कामगार समित्यांमार्फत तिकिटे खपवायची. कामगार नाटकाला का येत नाही यावर भाषणे पुष्कळ झाली आहेत. विलारने त्याच्या गाडीचे वेळापत्रक पाहिले.

फ्रान्सची आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. नट, वादक, दिवे लावणारा, सेट ठोकणारा सुतार यांना बाराही महिने काम नसते. त्यांच्यासाठी बेकारी विम्याची खास व्यवस्था आहे. तिचे मूळ १९३६ साली चित्रपट तंत्रज्ञांसाठी झालेल्या सोयीत आहे. आज सर्वसाधारण नियम असा की बारा महिन्यांत ५०७ तास काम भरले तर मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. २००३ साली ही मुदत आखडली गेली तेव्हा असा संप झाला की आव्हिन्याँचा जगप्रसिद्ध नाट्यमहोत्सव त्या वर्षी रद्द करावा लागला. २०१६ साली बारा महिने परत मिळाले. जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्र कलावंत आणि लेखकांसाठी सामाजिक विम्याचा निधी आहे. निम्मा हप्ता कलावंत भरतो, वीस टक्के सरकार, आणि तीस टक्के प्रकाशक, नाटकसंस्था, जाहिरात कंपन्या अशा कलावंताच्या कामावर व्यवसाय करणाऱ्यांकडून वसूल होतात. मालक डोळ्यांसमोर नसला तरी मालकाचा वाटा भरून घेता येतो, हे यातून सिद्ध झाले. म्हातारपण आणि आजारपण यांची सोय लागली की कलावंताला कोणाच्या दारात वाकून उभे राहावे लागत नाही. कलेच्या स्वातंत्र्याचे हे कलम घटनेतल्या कलमाइतकेच महत्त्वाचे आहे.

पैसा दिला म्हणजे सारे साधते असे मात्र नाही. हॉलंडने १९४९ पासून अडचणीतल्या चित्रकारांची चित्रे सरकारी पैशाने घेऊन त्यांना उपजीविका देण्याची योजना चालवली. हेतू उदात्त होता. पण चित्रे पाहणाऱ्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था तितकी झाली नाही. कोठारे भरत गेली, आणि १९८७ साली योजना बंद पडली. तसेच, १९६६ साली पिएर बूर्द्यू आणि अलँ दार्बेल यांनी युरोपातील संग्रहालयांच्या पाहणीवरून दाखवले की आत कोण येतो हे मुख्यतः शिक्षणावरून ठरते. दार उघडे असले तरी आपल्याला आत मान आहे असे ज्याला शाळेने कधी शिकवले नाही, तो बाहेरूनच जातो. कर मात्र तोही भरत असतो. म्हणून कलेच्या अनुदानाचा प्रश्न शाळेपाशी सुरू होतो.

अलीकडची दोन उदाहरणे देतो. २०२० साली महामारीत पडदे पडले तेव्हा ब्रिटिश सरकारने संस्कृतीसाठी १५७ कोटी पौंडांची मदत जाहीर केली, आणि फ्रान्सने कलावंतांच्या बेकारी भत्त्याची मुदत पुढच्या वर्षात वाढवली. म्हणजे वेळ आली की सरकारे कला ही गरज मानतात. उलट २०२४ च्या अखेरीस बर्लिन राज्याने पुढच्या वर्षाच्या सांस्कृतिक खर्चात सुमारे तेरा कोटी युरोंची कपात ठरवली. ज्या नगरात कामगारांनी चिल्लर जमवून रंगभूमी बांधली तिथेही मिळवलेले कायमचे नसते. मजुरीचा करार जसा दर मुदतीला नव्याने झगडून घ्यावा लागतो, तसेच हे.

या सर्वांतून मला चार गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. एक, पैसा एकाच हातातून येऊ नये. शहर, राज्य, वर्गणी, तिकीट अशा अनेक हातांतून आला तर एका हाताला गळा दाबता येत नाही. दोन, देणारा आणि निवडणारा वेगवेगळे असावेत, आणि निवडणाऱ्यांत सर्व थरांतली माणसे असावीत. तीन, इमारतीआधी माणसाचा विचार व्हावा; कलावंताचा विमा आणि पडद्यामागच्या सुताराची मजुरी ही अनुदानाची पहिली कलमे असावीत. आणि चार, हिशेब उघडा असावा. युरोपच्या परिषदेने १९९८ पासून निरनिराळ्या देशांच्या सांस्कृतिक धोरणांची आणि खर्चाची माहिती एकत्र जमवून प्रसिद्ध करण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामुळे शेजारच्या देशात काय होते हे कोणीही ताडून पाहू शकतो.

आपल्याकडेही पुष्कळ गावांतली नाट्यगृहे नगरपालिकांचीच आहेत. त्यांच्या अंदाजपत्रकाची वही कोणी मागून पाहतो काय? लोकाश्रय म्हणजे तिकिटाच्या खिडकीपाशी लावलेली रांग एवढाच अर्थ नाही. आपल्या करातला पैसा कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार लोकांनी वापरला, तरच त्या शब्दाला पुरा अर्थ येतो.