मोटरहोम एका बाजूला झुकते तेव्हा

अमेरिकेतील डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या मोटरहोमचा भार बहुधा पोलादी पाट्यांऐवजी हवेने भरलेल्या रबरी एअरबॅगवर असतो. गाडीचा सांगाडा आणि ॲक्सल यांतील ठरावीक अंतर राखण्याचे काम उंची-नियंत्रक व्हॉल्व्ह करतो. ॲक्सलला जोडलेला त्याचा लहानसा दांडा वर-खाली झाला, की एअरबॅगमध्ये हवा भरली वा सोडली जाते.

उंची बिघडल्यास आधी दोष ओळखावा. उभी गाडी रात्रभरात एका कोपऱ्यात बसत असेल, तर हवेची गळती संभवते. जोडांवर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे ती जागा दाखवतात. टाकीत पूर्ण दाब असूनही कोपरा खाली वा वर राहत असेल, तर दांडा वाकलेला, निखळलेला किंवा व्हॉल्व्ह निकामी झालेला असू शकतो.

मोजमाप सपाट जमिनीवर, पूर्ण दाबाने, उत्पादकाने नेमून दिलेल्या जागीच घ्यावे. नजरेच्या अंदाजाने दांडा फिरवल्यास ड्राइव्ह शाफ्टचा कोन आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडते. एअर ब्रेकलाही हवा याच कॉम्प्रेसरकडून मिळते. म्हणून दाब कमी असल्याचा इशारा मिळाल्यास गाडी हलवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ हवेच्या किंवा लेव्हलिंग जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. हवा सुटली, तर कित्येक टनांचा भार क्षणात खाली येतो. सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावल्यावरच काम सुरू करावे.