आपल्याला येतं ते दुसरीला शिकवा

बचत गटात पुष्कळदा असं होतं की हिशेबाची वही, पासबुक, बँकेतलं बोलणं, सगळं अध्यक्षबाईंकडेच राहतं. त्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या की गटाचं काम अडतं. म्हणून इस्लापूर भागातल्या आपल्या गटांसाठी आज आपण जामखेडच्या दोन डॉक्टरांची गोष्ट समजून घेऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं शिकले. खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य द्यायचं, असं त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला त्यांनी काम सुरू केलं.

बायबलमध्ये एक प्रसंग आहे. ज्या रात्री अटक झाली, त्याच संध्याकाळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम. गुरूनेच ते केलं. मोठा तो, जो दुसऱ्याची सेवा करतो, ही ख्रिस्ती शिकवण या प्रसंगात आहे. आरोळ्यांनी ती दवाखान्यात कशी आणली, ते पाहा.

आधी त्यांनी गावोगाव नर्सबाई पाठवून पाहिल्या. ते काही जमलं नाही. मग गावानेच आपली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं, असं ठरलं. यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी दलित समाजातल्या होत्या. जामखेडला त्या एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या. जुलाबाच्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईची तपासणी कशी करायची, सुखरूप बाळंतपण कसं करायचं, हे त्या शिकल्या आणि गावात जाऊन इतरांनाही शिकवू लागल्या. आशाताईंची योजना २००५ सालची. हे काम त्याच्या कितीतरी आधीचं.

पाण्याचंही तसंच. दुष्काळात बोअर घेऊन हातपंप दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथेच यायचं. शिवाशिव पाळायची की घागर भरायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं!

१९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. काम मात्र थांबलं नाही, कारण विद्या त्यांनी स्वतःजवळ कोंडून ठेवली नव्हती.

आपला धर्म कोणताही असो, एवढं आपल्याला करता येईल. दर बैठकीला वही वेगळ्या बाईने लिहावी. जिला लिहिता येत नाही, तिने पैसे मोजून आकडा मोठ्याने सांगावा. बँकेत जाताना, आजवर कधी न गेलेल्या एकीला सोबत न्यावं. चहाचे कप उचलायची पाळी अध्यक्षबाईंनाही असावी. अध्यक्षबाई महिनाभर गावाला गेल्या आणि तरी गट नीट चालला, तर समजा त्यांनी पुढारपण चांगलं केलं.