मादी फायटर आणि आपल्या शाळेचा फिश टँक



कार्यालयाबाहेरच्या फिश टँकमधले मासे का मेले, हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर वार्तापत्रातूनच द्यावे असे ठरवले. एका विश्वस्तांनी तर "जीव सांभाळता येत नसतील तर टँक काढून टाका" असे स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु माझ्या मनाला लागलेली गोष्ट दुसरी आहे. माशांना खाणे घालण्याचे काम सातवीच्या एका मुलीकडे होते आणि वर्गातली मुले तिला "तूच जास्त खायला घातलेस" म्हणून चिडवू लागली. तिचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष माझा होता. तो कसा, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

सुरत महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली सुरू झाले. तिथे सहल नेली की परत येताना बसमध्ये "सर, आपल्या शाळेत पण मासे आणा ना" हा हट्ट ठरलेला असतो. शेवटी एका पालकांनी शंभर लिटरचा टँक भेट दिला. त्यात बारा गप्पी आणि चार मॉली सोडल्या. दोन महिने सर्व ठीक चालले. मग मला उत्साह आला. सुरतेच्या एका दुकानातून मी स्वतः दोन मादी फायटर घेऊन आलो. फायटर नर भांडतो हे मला माहीत होते, परंतु मादी म्हटल्यावर मी निश्चिंत होतो. दुकानदारही म्हणाला, "सर, मादी आहे, कुणाला काही करत नाही."

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'मछली' हा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे सगळे मासे मला लहानपणापासून गरीब स्वभावाचेच वाटत आले. मराठीत मासा पुल्लिंगी आणि मासोळी स्त्रीलिंगी. पण माशांना आपले व्याकरण ठाऊक नसते.

आता या माशाविषयी थोडे. फायटरचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. तो मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयामचा. भातशेते, दलदल, उथळ डबकी ही त्याची घरे. तिथे त्याला 'प्लाकाट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. १८४० च्या सुमारास सयामच्या राजघराण्याकडचे काही मासे डॉ. थिओडोर कँटर यांच्या हाती आले. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत होते आणि त्यांनी १८४९ साली या माशाचे वर्णन छापले. आजचे शास्त्रीय नाव १९१० साली रीगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. झुंजीसाठी लोकांनी हा मासा पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवला. झुंजार नरांच्या मुलीही त्याच रक्ताच्या असतात, हे साधे सत्य माझ्या लक्षात आले नाही.

या माशाला पाण्यावर येऊन थेट हवेतून श्वास घेता येतो, त्यासाठी डोक्यात एक खास अवयव असतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या पालकांना मरळ ठाऊक असेल. बाजारात थोड्याशा पाण्यात ती तासन् तास जिवंत राहते, कारण तिच्याकडेही हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. या गुणामुळेच दुकानात फायटर बिचारा ग्लासाएवढ्या बाटलीत ठेवलेला दिसतो. तो त्यात मरत नाही, म्हणून त्याला ते आवडते असे आपण समजतो. मुलांनो, हट्ट करून तसली बाटली घरी आणू नका.

तर दोन माद्या टँकमध्ये आल्या. पहिले दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी मोठ्या मादीने कल्ले फुगवून लहानीचा पाठलाग सुरू केला. फायटर माद्या आपसात वरचढ कोण हे ठरवतात. दोनच असल्या तर सगळे चावे एकीच्याच वाट्याला येतात. म्हणून दोन ही संख्या सर्वांत वाईट, आणि मी नेमक्या दोनच आणल्या! लहान मादी फिल्टरच्या मागे लपून बसली. तिच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे काळे पट्टे उमटले. ही भीतीची, ताणाची खूण आहे. उभे फिकट पट्टे दिसले तर अर्थ वेगळा, तेव्हा मादी अंडी घालण्यास तयार असते. आम्ही मात्र "रंग बदलला, किती छान" म्हणून बघत उभे राहिलो.

आठवड्याभरात नर गप्पींच्या शेपट्या फाटल्या. रंगीत, लांब, झुळझुळणारी शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी वाटते आणि ती तुटून पडते. गप्पींची पिल्लेही दिसेनाशी झाली. हा मासा मांसाहारी आहे, किडे आणि डासांच्या अळ्या हे त्याचे मूळ अन्न, त्यामुळे पिल्ले त्याला खाऊच वाटणार. लहान मादी आणि तीन गप्पी मेले.

इथपर्यंतचे नुकसान माझ्या अज्ञानाचे. पुढचे माझ्या घाईचे. पाणी खराब झाले असेल असे समजून मी शिपाई काकांना सांगून पूर्ण टँक रिकामा करवला, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवून घेतला आणि ताजे पाणी भरले. टँक आरशासारखा झाला. पाच दिवसांत उरलेल्या नऊपैकी सहा गप्पी आणि दोन मॉली गेल्या.

हे नीट समजून घ्यावे अशी विशेष विनंती, कारण घरोघरी मासे मरतात ते बहुतेक याच कारणाने. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. स्पंजमध्ये आणि खड्यांवर राहणारे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सहन करतात. ही जिवाणूंची वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनने आम्ही ती एका सकाळीत धुवून टाकली. आता आम्ही दर आठवड्याला पाव भागच पाणी बदलतो. नवे पाणी एक रात्र उघड्या बादलीत ठेवतो आणि क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे थेंब टाकतो. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलकासा पिळतो.

मग मादी फायटर इतर माशांबरोबर राहूच शकत नाही काय? राहू शकते. आपली मोठी मादी आजही त्याच टँकमध्ये आहे, फक्त आता ती एकटीच फायटर आहे. उरलेल्या गप्पी आणि मॉली आम्ही वेगळ्या टाकीत हलवल्या. पाण्याची तपासणी सलग ठीक आल्यावर तळाशी फिरणारे सहा कोरीडोरास आणि मधल्या थरात झुंडीने पोहणारे आठ रासबोरा आणले. दोन्ही शांत, आखूड परांचे. फायटर वरच्या थरात राहते, त्यामुळे वाट अडवण्याचा प्रश्न कमी येतो. टायगर बार्ब तिच्या शेपटीला चावतील, एंजल आणि गुरामीशी भांडण होईल आणि गोल्डफिशला थंड पाणी लागते, म्हणून यांपैकी कोणी नको. नर फायटर तर नकोच. अंडी घालण्यापुरते त्यांना एकत्र आणतात. नर फेसाचे घरटे बांधतो, अंडी तोंडात उचलून त्यात ठेवतो आणि राखणही तोच करतो. त्यानंतर मादीला लगेच बाजूला काढावे लागते, नाहीतर तो तिला मारतो.

पाच-सहा माद्या एकत्र ठेवणारे शौकीन आहेत. एकाच विणीच्या बहिणी, एकाच दिवशी सोडलेल्या, दाट झाडी आणि लपायला भरपूर जागा असली तर चावे वाटले जातात आणि काही टँक टिकतात. काही महिन्यांनी अचानक बिघडतातही. शाळेत रात्री आणि रविवारी बघायला कोणी नसते, तेव्हा तो प्रयोग आपण करणार नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना. मादीचे पर आखूड असतात आणि पोटाखाली मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. परंतु कोवळा नरही तसाच दिसू शकतो आणि आखूड परांच्या जातीचा नर मादी म्हणून विकला जातो. त्यामुळे नवीन फायटर आणली की पहिले काही दिवस रोज लक्ष ठेवा आणि तिला वेगळे करता येईल असे दुसरे भांडे पाणी भरून तयार ठेवा. काही माद्या स्वभावानेच कोणालाही सहन करत नाहीत. तशी निघाली तर तिला एकटीला वीस लिटरच्या टँकमध्ये ठेवावे. नको झालेला मासा तापीत किंवा तलावात मात्र सोडू नये. दुकानात काच साफ करणारा म्हणून मिळणारा सकर मासा अशाच सोडण्यातून देशातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे.

सातवीच्या त्या मुलीला मी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर सांगितले की चूक सरांची होती. आता पाण्याच्या तपासणीची वही तिच्याकडेच आहे. अमोनिया आणि नायट्राइटच्या रकान्यांत गेले तीन महिने शून्य आहे. ज्या विश्वस्तांनी टँक काढा म्हटले होते, त्यांनी ही वही एकदा जरूर बघावी.

आता प्रश्न मे महिन्याच्या सुट्टीचा. सचिनच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यातला प्राणवायू कमी होतो. फायटर वर येऊन श्वास घेईल, पण कोरीडोरासना त्रास होतो. म्हणून टँक खिडकीपासून हलवून जिन्याखालच्या सावलीत ठेवला आहे. झाकण कायम असावे, फायटर उडी मारते. पाणी आणि झाकण यांत हवेसाठी चार बोटे जागा मात्र सोडावी. सुट्टीत शाळा बंद करताना मेन स्विच बंद करू नये, फिल्टर त्यावर चालतो. खाण्याच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत. एक पुडी एक दिवसाआड, त्याहून जास्त नाही, असे चौकीदार काकांना सांगितले आहे. शाळेजवळ राहणाऱ्या ज्या पालकांना आठवड्यातून एकदा पाणी बदलायला येणे जमेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. सध्या दोन नावे आली आहेत, आणखी दोन हवी आहेत.