गाईचे औषध, गिधाडाचे विष

बैल लंगडू लागला, गाईची कास सुजली, की आमच्या मराठवाड्यात वेदनाशामक सुई टोचतात. डायक्लोफेनॅक हे त्यांतले एके काळचे लाडके औषध. ते रक्तातून अंगभर फिरते, यकृत त्याचे रूप पालटते आणि मग ते शरीराबाहेर पडते. ढोर जगले तर काही दिवसांत सारे निघून जाते. पण सुईनंतर लगेच मेले तर? औषध यकृतात, मूत्रपिंडात तसेच राहते. ते ढोर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात; आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा खडूसारखा थर चढतो. भारतातील तीन जातींची शेकडा नव्वदांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली, ती मुख्यतः यामुळे. हे कारण उमगले २००४ मध्ये.

२००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. दुकानात अॅसेक्लोफेनॅक मात्र होतेच. नाव निराळे, म्हणून निर्धास्त! पण गाईच्या शरीरात शिरताच त्याचे झपाट्याने डायक्लोफेनॅकच होते. बाटलीवरचे नाव वाचणाऱ्या कायद्याला हे कळायला २०२३ उजाडले.

नाशिक जिल्ह्यात टाकेदला जटायूपुढे हात जोडायला माणसे जातात. त्यांत गोठेवालेही असतील. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे. ते गिधाडांना बाधत नाही.