एक मुदपाकखाना, हजार जिभा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीला समुद्र नाही, पण इथलं पाणी समुद्रालाच जातं. तालुक्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाने वैनगंगा. दोघी मिळाल्या की प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने ही वाट उलटी चालायचा घाट घातला होता. समुद्राकडून आगबोटी वर आणायच्या आणि विदर्भाचा कापूस नदीतूनच बंदराला न्यायचा. वाटेतल्या खडकाळ पट्ट्यांना बगल देण्यासाठी कालवे आणि बंधारे आखले गेले. त्यातलं एक ठिकाण म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देवलमरी. १८७१ साली सरकारने काम थांबवलं आणि आगबोटींची ती वाट अर्धीच राहिली.

आता जहाजावर जायचं तर रेल्वेने मुंबई गाठावी लागते. तिथून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ सुटू लागलं. १९९० साली बांधलेलं, दोनशे मीटरहून लांब असं हे जहाज. जेवणात शाकाहारी आणि जैन पदार्थांची वेगळी सोय. सफरीवरून परतलेल्याला आपल्याकडे समुद्र कसा होता हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘जेवण कसं होतं?’

खरी गंमत या प्रश्नाच्या उत्तरात आहे. एकाच जहाजावर, एकाच रात्री, एकाच टेबलावर बसलेली माणसं परत येतात आणि एक म्हणतो, ‘असं जेवण जन्मात खाल्लं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘सगळं दिसायला छान, चवीला पाणचट.’ तिसऱ्याला फक्त भात कडक होता एवढंच आठवतं. यातलं खोटं कोण बोलतं? कोणीच नाही! असं कसं होतं, हे समजून घ्यायला आधी जहाजाच्या मुदपाकखान्यात शिरावं लागेल आणि मग माणसाच्या नाकात.

मुदपाकखान्यात शिरताच एक गोष्ट जाणवते: जाळ नाही. समुद्राच्या मधोमध आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून प्रवासी जहाजांवर उघड्या ज्योतीला सहसा थारा नसतो. विजेच्या शेगड्या, वाफेची मोठी भांडी आणि भट्ट्या यांच्यावर सगळा स्वयंपाक चालतो. आता आपल्याकडचं वांग्याचं भरीत आठवा, किंवा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे. त्यांची निम्मी चव धुराची असते. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन फुटतं आणि ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू हवेत येतात. तेच वांग्याच्या सालीतून गरात उतरतात. विजेच्या तव्यावर वांगं शिजतं, मऊ होतं, पण हे रेणू येणार कुठून? ‘भरीत होतं, पण भरितासारखं लागलं नाही’ अशी तक्रार कोणी केली, तर त्यामागे आचाऱ्याचा आळस नसतो. त्यामागे आगीचा नियम असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मोठी जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करतात. ते उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करतात किंवा दाबाखाली बारीक पडद्यातून गाळतात. असं पाणी जवळजवळ क्षारमुक्त होतं, इतकं की चव यावी आणि नळ गंजू नयेत म्हणून त्यात पुन्हा थोडे क्षार मिसळावे लागतात. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं. हलक्या पाण्यात ती भराभर मऊ होते. म्हणजे वर्धेच्या काठचा माणूस जहाजावर वरण खाऊन ‘एकदम गुळगुळीत होतं’ म्हणाला, तर त्या स्तुतीत आचाऱ्याइतकाच वाटा समुद्राच्या पाण्याचाही असू शकतो.

तिसरी गोष्ट तापमानाची. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथल्या रोगनियंत्रण केंद्राकडून तपासणी होते आणि शंभरपैकी गुण मिळतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या आत ठेवायचं, हा या तपासणीचा कणा. भाताच्या बाबतीत तर हे जपावंच लागतं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भात मिळाला की वाढू लागतात. म्हणून भात एक तर चांगला गरम राहिला पाहिजे, नाही तर झटपट थंड केला पाहिजे.

पण भात चंद्रपूरच्या माणसाला वाढताना सांभाळून! हा धान पिकवणारा जिल्हा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून निवडत नेल्या आणि त्यातून एचएमटी वाण उभं केलं. असा तांदूळ रोज खाणाऱ्याची जीभ भाताच्या कणावर ठेच लागावी तशी अडते. त्यामागचं रसायन असं: तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाच्या लांब साखळ्या असतात. त्या जास्त असतील तर भात मोकळा होतो, कमी असतील तर चिकट. भात निवू लागला की या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट रचना करतात, म्हणून थंड झालेला मोकळा भात कडक लागतो. वातानुकूलित भोजनगृहात ताट समोर येऊन, गप्पा होऊन, फोटो काढून पहिला घास घेईपर्यंत साखळ्यांनी आपलं काम सुरू केलेलं असतं. तिसऱ्याची तक्रार आठवली? तो रसायनशास्त्रच सांगत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं.

आता नाकाकडे येऊ. विमानातलं जेवण बेचव लागतं त्याचं खापर कोरड्या हवेवर आणि कमी दाबावर फोडता येतं. जहाज समुद्रसपाटीलाच असतं, त्याला ही सबब नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वास असतो, आणि तो घास चावताना घशाच्या मागून नाकात चढतो. खात्री करायची असेल तर नाक घट्ट दाबून बडीशेप चावा. गोडसर काहीतरी लागेल, पण बडीशेप लागणार नाही. नाक सोडा, आणि ती एकदम प्रकट होईल.

वास पकडणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आपल्या नाकात असतात. संशोधकांनी त्यांची माणसामाणसांत तुलना केली, तेव्हा कोणत्याही दोन माणसांत यातले सुमारे तीस टक्के वेगळ्या तऱ्हेने काम करताना दिसले. जिभेचंही तसंच. १९३१ साली अमेरिकेत डुपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून एक भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी ‘किती कडू’ म्हणून ओरडला, फॉक्स यांना काहीच लागलं नाही. पुढे २००३ मध्ये या फरकामागचं मुख्य जनुक सापडलं. कोबी आणि ब्रोकोलीचा कडवटपणा काहींना जास्त का जाणवतो, याचंही एक कारण तेच. म्हणजे टेबलावर ठेवलेलं एकच सॅलड दोन माणसांच्या तोंडात गेल्यावर खरोखरच दोन वेगळी सॅलडं होतात.

कानही यात लुडबुड करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना मोठा, एकसुरी आवाज ऐकवत खायला दिलं. त्यांना गोड कमी गोड लागलं, खारट कमी खारट, पण कुरकुरीत मात्र जास्त कुरकुरीत. शेकडो माणसं एकदम बोलत असलेल्या भोजनगृहात भाजी अळणी वाटली आणि पापड बहारदार लागला, तर त्यात नवल वाटायला नको.

आतल्या कानाचा प्रताप तर आणखी मोठा. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, आतला कान सांगतो आपण हलतोय. या भांडणातून बोट लागते. आता प्राण्यांच्या मेंदूत एक जुनी सावधगिरी आहे. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये दाखवलं की गोड पाणी पिताना उंदरांना किरणोत्साराने आजारी पाडलं, तर ते पुढे गोड पाण्याला तोंड लावत नाहीत. पाण्याचा काही दोष नसतो, पण मेंदू पोटाच्या त्रासाचा ठपका खाल्लेल्या चवीवर ठेवतो. खवळलेल्या रात्री सुरमई खाऊन ज्याला उलट्या झाल्या, तो पुढची कित्येक वर्षं सुरमईला नावं ठेवील. दोष लाटेचा, शिक्षा मासळीला.

बुफेचं गणित वेगळंच. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी उतरते, न चाखलेल्या पदार्थांची तशीच राहते. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी नको नको म्हणणारा माणूस बुंदी आली की ताट पुढे करतो, तेच हे. म्हणून चाळीस पदार्थ मांडलेल्या बुफेत पहिल्या दिवशी स्वर्ग दिसतो. चौथ्या दिवशी तोच माणूस ‘रोज तेच ते’ म्हणतो.

शिवाय मनात आधीच भरलेलं काहीतरी असतं. २००८ सालच्या एका अभ्यासात एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुख नोंदवणाऱ्या भागातही तेव्हा जास्त हालचाल दिसली. जहाजाच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, त्यामुळे ताटाची किंमत कोणालाच कळत नाही. ज्याने मनात ‘फुकट’ लिहिलं त्याला जेवण भारी वाटतं. ज्याने तिकिटाचे सगळे पैसे त्या ताटात मोजले, त्याला तेच कमी पडतं.

आणि काहींसाठी हा प्रश्न चवीचा नव्हताच. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांच्या, शाकाहारी, परक्या टेबलावर. पाच वर्षांनी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर झाला नाही म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली, हे त्यांनीच आत्मचरित्रात सांगून ठेवलं आहे. अशा प्रवाशाला पदार्थ चांगला की वाईट याआधी तो आपल्याला चालतो का, हे कळायला हवं असतं. आजच्या जहाजावर ‘शाकाहारी’ आणि ‘जैन’ लिहिलेली चिठ्ठी पदार्थापुढे दिसते, तेव्हा प्रवाशाचा निम्मा अभिप्राय घास तोंडात जाण्याआधीच तयार झालेला असतो.

तेव्हा कोणी जहाजावरून आलं आणि तुम्हालाही जायचं असेल, तर ‘जेवण कसं होतं’ एवढ्यावर थांबू नका. समुद्र शांत होता का, विचारा. जेवण टेबलावर वाढलेलं की रांगेतलं, पहिल्या दिवसाचं की शेवटच्या, हेही विचारा. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या घरी भात कसा लागतो ते विचारा: मोकळा की आसट, गरम की निवलेला. एवढं कळलं की सांगणाऱ्याच्या मतातून त्याची जीभ वजा करता येते, आणि जे उरतं त्यात तुमची मिळवता येते.