काट्याचा मीटर अजून हवाच

बार्शी तालुक्यात वैरागकडे असो की पांगरीकडे, विहिरीवरची मोटार जळाली की ती थेट वायंडिंगवाल्याकडे जाते. जळण्याचं कारण मात्र पुष्कळदा डीपीवरच राहिलेलं असतं: एक फेज गेलेला, नाहीतर व्होल्टेज घसरलेलं. ते न शोधता नव्याने भरलेली मोटार त्याच लाइनवर जोडली तर पुन्हा जळते, आणि ऐन पाण्याच्या पाळीत खर्च दुप्पट होतो. म्हणून स्टार्टरपाशी मल्टिमीटर हवाच. आणि तो काट्याचा असला तर बिघाडाची दिशा लवकर कळते, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप अचूकतेचा, आणि तो खरा आहे. काट्याच्या साध्या मीटरमध्ये एसी व्होल्टेजची चूक पूर्ण रेंजच्या 4 टक्क्यांपर्यंत असू शकते. 1000 व्होल्टच्या रेंजवर म्हणजे 40 व्होल्ट! घरातले 230 व्होल्ट 250 च्या रेंजवर मोजले तर हीच चूक 10 व्होल्टवर येते. म्हणून सुरुवात मोठ्या रेंजवरून करायची आणि काटा उजवीकडे येईल अशी रेंज निवडायची. थ्री फेजला पुष्कळ मीटरांवर 1000 शिवाय पर्याय नसतो, तेव्हा लाइन 380 आहे की 415 हे काटा छातीठोकपणे सांगणार नाही. पण इथे प्रश्न तुलनेचा आहे. मोटार बंद ठेवून स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूला लाल-पिवळा, पिवळा-निळा, लाल-निळा अशा तीन जोड्या मोजायच्या. मीटर तोच, रेंज तीच, म्हणून चूकही जवळपास सारखीच. लाल-पिवळ्यावर काटा 400 च्या आसपास गेला आणि बाकी दोन्हींवर खाली राहिला, तर निळा गेला. तो शून्यावर येईलच असं नाही, कारण शेजारच्या चालू मोटारींतून गेलेल्या फेजवरही थोडं व्होल्टेज येतं. जोड सैल असेल तर काटा थरथरतो. डिजिटल पडद्यावर तेव्हा नुसते आकडे बदलत राहतात. शिवाय बहुतेक डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असतो, म्हणून पाइपातून चालू वायरीशेजारून गेलेली तुटकी वायरही त्यावर पन्नास-साठ व्होल्ट दाखवते. काट्याचा मीटर जास्त करंट ओढतो, आणि हे फसवं व्होल्टेज त्यावर बरंच खाली येतं.

सिंगल फेज पंपाचा कंडेन्सर तपासताना तर काटा पाहतच राहावा. सप्लाय बंद, कंडेन्सर सोडवून पूर्ण डिस्चार्ज केलेला, मीटर ओहमवर, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून काटा उजवीकडच्या शून्यावर आणलेला. मग टोकं लावताच काटा झपकन उजवीकडे जातो आणि सावकाश डावीकडे परततो. शून्यावरच अडकला तर कंडेन्सर शॉर्ट, हललाच नाही तर आतून तुटलेला. मायक्रोफॅरड किती उरले, हे त्यावरून नेमकं कळत नाही. त्यासाठी कपॅसिटन्सची सोय असलेला डिजिटल मीटरच घ्यावा. सुरक्षिततेचा आक्षेपही टाळता येणार नाही. स्वस्त मीटरांत संरक्षण अपुरं असतं, ओहमवर राहिलेला मीटर चालू लाइनला लागला की आतला रोध किंवा कॉइल जळते, आणि अँपिअरवर राहिलेला तर थेट शॉर्टच करतो. चालू लाइनवरची मोजणी जाणत्या वायरमनचीच. मात्र त्यानेही प्रत्येक मोजणीनंतर नॉब ऑफवर, ऑफ नसेल तर एसीच्या सर्वांत मोठ्या रेंजवर नेऊन ठेवावा.