पाटी कुणाची, फाइल कुणाची?

जून लागला की आम्हा करसल्लागारांच्या घरी जेवणाच्या वेळा बिघडतात. पण अलीकडे या दिवसांत रिटर्नच्या शंकांपेक्षाही एक प्रश्न मला जास्त वेळा येतो, "अक्का, अमक्या कंपनीची फ्रँचायझी घेऊ का?" विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. कुणी बी. कॉम. करून घरी बसलेल्या, कुणी डी.टी.एल. केलेल्या, कुणी सीएच्या ऑफिसात वर्षानुवर्षं राबून काम शिकलेल्या. कंपनी नाव देते, रंगीत पाटी देते, सॉफ्टवेअर देते. आपण सुरुवातीला एक रक्कम भरायची आणि पुढे प्रत्येक रिटर्नच्या फीमधला वाटा द्यायचा.

'नको' असं एका शब्दात उत्तर द्यायला मला जमत नाही, कारण पाटीची किंमत मला माहीत आहे. मी नवी पेठेत पहिलं ऑफिस थाटलं तेव्हा दारात आलेला माणूस आधी आत डोकावून विचारायचा, "साहेब कुठं आहेत?" 'मीच' म्हटलं की बसायचा, पण पिशवीतले कागद काही बाहेर काढायचा नाही! घरातही तेच. डायनिंग टेबलावर बसून बाई चाळीस रिटर्न भरते, तर ते 'तिचं कॉम्प्युटरवर काहीतरी चालू असतं'. त्याच कामावर चकचकीत पाटी लागली की सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "सुनेचं ऑफिस आहे." लग्न होऊन नव्यानं सोलापुरात आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला तर ही पाटी मोठाच आधार वाटते. शिवाय नोटीस आली तर फोन करायला कुणीतरी जाणतं माणूस मिळतं. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला, म्हणजे पाठ झालेले कलमांचे आकडेसुद्धा नव्यानं शिकायचे. अशा वेळी कुणी प्रशिक्षण देत असेल तर ते काही वाईट नाही.

हा सगळा प्रकार आला अमेरिकेतून. हेन्री आणि रिचर्ड ब्लॉक या भावांनी १९५५ साली कॅन्सस सिटीत 'एच अँड आर ब्लॉक' सुरू केलं. तिथलं कर खातं लोकांना फुकट रिटर्न भरून देत असे, ते बंद होत होतं. या भावांनी ती संधी साधली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला शाखा काढली, पण दोघांनाही तिथं राहायचं नव्हतं. शाखा विकायला काढली, तर घेणाऱ्यांना सगळी किंमत एकदम देता येईना. मग ठरलं की काही रक्कम आत्ता आणि पुढच्या उत्पन्नातली टक्केवारी नंतर. म्हणजे ही रॉयल्टी मुळात तयार गिऱ्हाईक असलेल्या चालत्या ऑफिसची उरलेली किंमत होती. आपल्याकडे जी मागतात ती मोकळ्या गाळ्यावर, जिथं गिऱ्हाईक आपल्यालाच आणायचं असतं.

याच्या अगदी उलटी मांडणी आपल्या सरकारनं २००६ साली करून पाहिली होती. टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजना आठवते का? पदवीधर तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यायचं, आणि त्यांनी नवा करदाता आणला की त्यानं भरलेल्या करावर पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १ टक्का मोबदला, तोही १,००० रुपयांच्या मर्यादेत. दरवर्षी आधार कमी कमी होत जायचा आणि गिऱ्हाईक तुमचं व्हायचं. फ्रँचायझीत गिऱ्हाईक तुमच्या चांगलं सवयीचं झालं तरी वाटा सुरूच राहतो.

माझ्याकडे पूर्वी काम केलेली एक मुलगी आता जुळे सोलापुरात स्वतंत्रपणे काम करते. वर्षाला दोनशे रिटर्न. शिक्षक, पूर्व भागातले यंत्रमागवाले, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घाऊक विकणाऱ्या दोघी-तिघी. ती एका कंपनीचा इंग्रजी करार घेऊन आली. आम्ही पानं बाजूला ठेवली आणि आधी वहीत आकडे मांडले. सोपं जावं म्हणून मी आकडे गोल केलेत. रिटर्नची फी ६०० रुपये. आज २०० रिटर्नचे १,२०,००० सगळे तिचे. फ्रँचायझीची सुरुवातीची रक्कम १ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. करार तीन वर्षांचा, तेव्हा वर्षाला सुमारे ३९,३३३. वर रॉयल्टी २५ टक्के, म्हणजे रिटर्नमागे १५० रुपये, त्यावरही जीएसटी २७ रुपये. हातात उरले ४२३. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही नाही. तो खर्चच. भागाकार केला तर आज जेवढे मिळतात तेवढेच मिळवायला तिला २०० ऐवजी ३७७ रिटर्न भरावे लागतील. आणि यात मेन रोडवरच्या गाळ्याचं भाडं धरलेलंच नाही!

करारात तर सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिस उघडं ठेवण्याची अट होती. ती मुलांचे डबे करून अकराला बसते आणि रात्री साडेनऊनंतर पुन्हा बसते. तिचे यंत्रमागवाले येतातही रात्रीच. ती म्हणाली, "अक्का, कंपनीच्या वेळेत माझं गिऱ्हाईकच येत नाही की ओ."

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. दुसऱ्याचं आयकर रिटर्न भरून द्यायला आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा परवाना लागत नाही. टॅक्स ऑडिट सीएच करू शकतो, आणि पाटी घेतली म्हणून तो अधिकार तुम्हाला मिळत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायचं तर नोंदणी आणि परीक्षा तुमच्या स्वतःच्या नावावर असते. 'जीएसटी सुविधा केंद्र' अशा पाट्या पाहून पुष्कळ जणींना ते सरकारी वाटतं. जीएसटी नेटवर्कनं निवडलेल्या 'सुविधा प्रोव्हायडर' कंपन्या वेगळ्या, खात्याची स्वतःची सेवा केंद्रं वेगळी, आणि फी घेऊन वाटलेलं गल्लीतलं खासगी केंद्र वेगळं.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती कागदावर द्यावी लागते, कुणी सोडून गेलं, कुणाशी कोर्टकज्जा चालू आहे, हेसुद्धा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. करारात लिहिलं असेल ते खरं. करार संपल्यावर अमुक वर्षं हा धंदाच करायचा नाही, असंही एक कलम हमखास असतं. १८७२ च्या करार कायद्यातलं २७ वं कलम अशा बंदीला सहसा थारा देत नाही. पण वाद झाला तर कोर्ट दिल्लीचं की बंगळूरचं, तेही करारातच लिहिलेलं असतं. सोलापूरच्या बाईनं ६०० रुपयांच्या रिटर्नसाठी तिथं तारखा कशा करायच्या?

टार्गेटचं तर मला भयच वाटतं. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या मध्यस्थांवर देशभर मोहीम घेतली. 'जास्त रिफंड मिळवून देतो' हे वाक्य कुणाच्याही जाहिरातीत दिसलं तर त्या पाटीखाली बसू नये. नोटीस गिऱ्हाइकाच्या नावानं निघते, आणि ते गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही, भाजी मंडईत तुम्हाला गाठतं.

जुळे सोलापूरच्या मुलीनं यंदा सही केली नाही. कंपनीला तिनं एवढंच लिहून विचारलं, की करार संपला तर माझ्या दोनशे लोकांची माहिती कुणाची? उत्तरात पुन्हा रंगीत माहितीपत्रक आलं.

हा प्रश्न तिला मीच सुचवला होता, बार्शीच्या एका मैत्रिणीचे हाल पाहून. तिनं तीन वर्षं एक पाटी चालवली आणि सोडली. आयकर पोर्टलवर तिच्या लोकांच्या नावापुढे ई-मेल होता कंपनीचा, कुठे कुठे मोबाइल नंबरसुद्धा. पाटी उतरली, पण खात्याची पत्रं त्याच पत्त्यावर जात राहिली. एका निवृत्त शिक्षिकेचा रिफंड नुसतं उत्तर दिलं नाही म्हणून अडकला. पत्र आलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. आता ती घरोघरी जाऊन एकेकाचं आधार, ओटीपी घेत लॉगिनमध्ये त्यांचा स्वतःचा नंबर आणि मुलाचा किंवा सुनेचा ई-मेल घालून देते आहे. परवा फोनवर म्हणाली, साठ झाले, अजून नव्वद राहिलेत.